कुणाची गं तू? : खासदारबाईंबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गडहिंग्लज तालुक्यातल्या कुठल्याही गावात अनोळखी पोर दिसली की कट्ट्यावर बसलेली म्हातारी पहिला प्रश्न टाकते, “कुणाची गं तू?” पोरीनं बापाचं नाव सांगितलं की ओळख पटते. लग्न होऊन तीच पोर माहेरी आली की प्रश्न जरा बदलतो, “कुणाच्यात दिलीय तुला?” या प्रश्नांत माया असते, वाकडं काही नसतं. पण बाई दिल्लीला जाऊन खासदार झाली तरी हाच प्रश्न तिची पाठ सोडत नाही, तेव्हा त्यातली माया संपते आणि गैरसमज सुरू होतात.

याच तालुक्यातली नेसरी महाराष्ट्राला ठाऊक आहे ती प्रतापराव गुजरांमुळे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सहा साथीदारांसह ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि इथंच पडले. खिंडीतलं त्यांचं स्मारक बघायला आजही लांबलांबून लोक येतात. याच नेसरीत जन्मलेली एक मुलगी सून होऊन हातकणंगले तालुक्यातल्या रुकडीच्या माने घराण्यात गेली आणि पुढे लोकसभेत पोचली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. निवेदिता संभाजीराव माने. १९९९ आणि २००४ अशा दोन निवडणुका जिंकून तेराव्या आणि चौदाव्या लोकसभेत त्यांनी इचलकरंजीचं प्रतिनिधित्व केलं. कोल्हापूर जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेलेल्या महिला अगदी मोजक्या, त्यांतल्या त्या एक. कोल्हापूरच्या जागेवरून तर १९५२ पासून एकही बाई निवडून गेलेली नाही.

त्यांच्या निमित्तानं खासदारबाईंबद्दलचे आपले नेहमीचे समज एकेक करून तपासू. राजकारण कुणाला पटतं, कुणाला नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. इथं फक्त हिशोब नीट मांडायचा आहे.

गैरसमज १ : सासऱ्यांची जागा होती, सुनेला आयती मिळाली.

वस्तुस्थिती : यात अर्धं खरं आहे आणि ते आधी मान्य करू. निवेदिता माने यांचे सासरे बाळासाहेब माने १९७७ ते १९९१ या काळात सलग पाच वेळा काँग्रेसतर्फे इचलकरंजीतून निवडून आले. एवढं नाव पाठीशी असलं की दारं लवकर उघडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता उरलेलं अर्धं. १९९६ आणि १९९८ या दोन्ही निवडणुकांत ही जागा कल्लाप्पाण्णा आवाडे यांच्याकडे होती. म्हणजे १९९९ मध्ये घराण्याची राखून ठेवलेली जागा अशी काही नव्हतीच, ती दुसऱ्याच्या ताब्यातून घ्यायची होती. ती घेतली तीही नव्याकोऱ्या पक्षाच्या चिन्हावर. राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना १० जून १९९९ ची आणि मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरात. सासऱ्यांनी पाच निवडणुका ज्या पक्षाच्या नावावर जिंकल्या, त्याच काँग्रेसच्या विरोधात सुनेचं घड्याळ उभं होतं. वर्षानुवर्षं ‘हातावर मारा’ असं सांगितलेल्या गावांत जाऊन ‘या वेळी घड्याळ’ असं सांगायचं, हे काम प्रचार केलेल्या माणसालाच कळेल.

वारसा आयता असता तर २००९ चा निकालही आयताच लागला असता. घराणं तेच, उमेदवार तीच, दहा वर्षांची खासदारकी गाठीला. तरीही ऊसदराच्या आंदोलनातून वर आलेल्या राजू शेट्टींनी त्यांना हरवलं. वारसा उमेदवारीपर्यंत हाताला धरून नेतो, पुढं मतदार आहे.

आणि हा आक्षेप घेताना तराजू एकच असावा. खासदार राहिलेल्या सदाशिवराव मंडलिकांचे चिरंजीव संजय मंडलिक २०१९ मध्ये कोल्हापूरचे खासदार झाले. निवेदिता माने यांचे चिरंजीव धैर्यशील माने २०१९ आणि २०२४ मध्ये हातकणंगल्यातून निवडून आले. घराणेशाहीची चर्चा त्यांच्याही वाट्याला येते. पण ‘मग कारभार कोण बघतं?’ हा पुढचा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही. तो बाईसाठी राखीव आहे.

उलट बाजूही महाराष्ट्रानं पाहिली आहे. १९७७ मध्ये मुंबईतून मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर लोकसभेवर गेल्या, त्या पाण्याच्या, महागाईच्या मोर्चांतून. तिथं सासऱ्याची जागा कुणाचीच नव्हती.

गैरसमज २ : बाई सहीपुरती, कारभार घरातले पुरुषच बघतात.

वस्तुस्थिती : हा समज आपण ग्रामपंचायतीतून दिल्लीला नेला आहे. गावात ‘सरपंचपती’ नावाचं पद कुठल्याही कायद्यात नसताना रोज दिसतं. मासिक सभेत बाई कोपऱ्यात आणि तिचा नवरा टेबलाशी, हे चित्र खोटं नाही. पण लोकसभेच्या सभागृहात तसं जमत नाही. शपथ सदस्यानंच घ्यायची. प्रश्नाची सूचना सदस्याच्याच नावानं जाते. मतविभागणीच्या वेळी दरवाजे बंद होतात आणि आपल्या बाकासमोरचं बटण आपणच दाबायचं. नवरा असो, दीर असो, स्वीय सहायक असो, फार तर प्रेक्षक सज्ज्यात पास काढून बसेल.

या एका बटणाचं मोल काय? १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. त्यातूनच ती निवडणूक आली, जिच्यात निवेदिता माने पहिल्यांदा लोकसभेत पोचल्या. एका मतानं सरकार जातं, त्या सभागृहात ‘सहीपुरती’ असं कुणीच नसतं.

मतदारसंघातलं चित्र वेगळं असू शकतं, हेही खरं. भेटीगाठी, शिफारशीची पत्रं, लग्नं-बारशी यांत घरचे लोक पुढं असतात. पण ते पुरुष खासदाराच्या घरीही असतातच. तिथं त्याला आपण ‘कुटुंबाची साथ’ म्हणतो.

इथं एक बारकावा पाहण्यासारखा आहे. आईचं नाव निवेदिता संभाजीराव माने, मुलाचं धैर्यशील संभाजीराव माने. दोन खासदार आणि मधलं नाव एकच. मुलासाठी ते बापाचं नाव आहे, आईसाठी नवऱ्याचं. तिच्या स्वतःच्या बापाचं, नेसरीचं नाव त्यात कुठंच नाही. आपल्या नावाच्या रचनेतच ‘कुणाच्यात दिलीय?’ या प्रश्नाचं उत्तर भरलेलं असतं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक केलं. बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. त्या पिढीतली एखादी मुलगी खासदार होईल तेव्हा तिच्या नावातून निदान माय तरी पुसली गेलेली नसेल.

गैरसमज ३ : नेसरीची लेक, म्हणजे नेसरीची खासदार.

वस्तुस्थिती : माहेर वेगळं, मतदारसंघ वेगळा. आज नेसरी चंदगड विधानसभा मतदारसंघात येते आणि चंदगड कोल्हापूर लोकसभेत. निवेदिता माने २००९ ला लढल्या ते हातकणंगले याच जिल्ह्यातलं, पण दुसऱ्या बाजूचं. हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ, शाहूवाडी आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा मिळून तो मतदारसंघ बनतो. त्या ज्या इचलकरंजीतून दोनदा निवडून आल्या, त्या नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेनंतर उरलाच नाही. गावाला लेकीचा अभिमान वाटणं साहजिक, पण ‘आपली असून आपल्याकडं बघत नाही’ हा रुसवा चुकीच्या दारात जातो.

कायद्यानं तर याहून मोठी मोकळीक दिली आहे. देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघाच्या मतदारयादीत नाव असलेला पंचवीस वर्षांचा नागरिक जवळजवळ कुठूनही लोकसभा लढवू शकतो. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्नानंतर इंदूरला गेल्या, तिथून १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. कोकणची लेक, माळव्याची ‘ताई’. सासरी जाणं ही बाईच्या राजकारणातली अडचण असतेच. माहेरचे संबंध, शाळासोबती, भावकी, सगळं मागं ठेवून दुसऱ्या गावच्या लोकांना आपलं म्हणायला लावायचं. पुरुष उमेदवाराला ही सुरुवात सहसा शून्यातून करावी लागत नाही. म्हणून ‘सुनेला आयती मिळाली’ म्हणण्याआधी हाही हिशोब जमेस धरावा.

नेसरीच्या मतदारांनी बाईला मत द्यायची वेळ आलीच नाही, असंही नाही. बाबासाहेब कुपेकर यांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत आणि नंतर २०१४ मध्ये संध्यादेवी कुपेकर चंदगडमधून आमदार झाल्या. विधानसभेपर्यंत हा भाग बाईला पाठवून बसला आहे, लोकसभेचं तेवढं राहिलं.

गैरसमज ४ : खासदाराला पाच कोटी मिळतात, ते जातात कुठं?

वस्तुस्थिती : टपरीवरचा हा सगळ्यांत आवडता प्रश्न. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. वर्षाला पाच कोटी हा आकडा २०११-१२ पासूनचा. निवेदिता माने खासदार होत्या त्या सगळ्या काळात तो दोन कोटी होता. आजचा आकडा कालच्या खासदाराला लावून हिशोब मागितला की पहिल्याच पायरीवर चुकतं.

दुसरी चूक ‘मिळतात’ या शब्दात आहे. खासदाराच्या खात्यावर यातला एक रुपयाही येत नाही. खासदार फक्त काम सुचवतात. पत्र जातं जिल्हाधिकारी कार्यालयाकडं. तिथं काम नियमात बसतं का ते पाहतात, अंदाजपत्रक होतं, प्रशासकीय मान्यता मिळते, जिल्हा परिषद किंवा बांधकाम खात्यासारखी यंत्रणा काम करते आणि ठेकेदाराला पैसे सरकारी यंत्रणेतूनच जातात. १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी सुचवायची असते.

पुन्हा कधी एसटीच्या शेडमध्ये गाडीची वाट बघत बसलात तर भिंतीतली संगमरवरी पाटी नीट वाचा. मोठ्या अक्षरात खासदाराचं नाव असतं, त्यावर हार वाळलेला असतो. पण कामाचे शब्द खाली बारीक अक्षरांत असतात : योजनेचं नाव, वर्ष, रक्कम, काम करणारी यंत्रणा. शेड गळत असेल तर भांडायला त्या बारीक अक्षरांचाच उपयोग होतो.

गैरसमज ५ : गटार तुंबलं, खासदार काय करते?

वस्तुस्थिती : गटार ग्रामपंचायतीचं. गावजोड रस्ता बहुतेक वेळा जिल्हा परिषदेचा. वीजदराची तक्रार मुंबईची. संकेश्वर–बांदा राष्ट्रीय महामार्ग मात्र केंद्राचा, तिथं खासदाराला धरा. खासदाराचं मूळ काम कायदे करणं, अंदाजपत्रक तपासणं आणि सरकारला जाब विचारणं. आपण तिला गटारासाठी बोलावतो आणि कायद्याबद्दल काही विचारत नाही. मग तीही गटाराचं उद्घाटन करून मोकळी होते.

गैरसमज ६ : टीव्हीवर कधी बोलताना दिसली नाही, म्हणजे नुसती बसून आली.

वस्तुस्थिती : सभागृहात बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्येवर वाटला जातो. लहान पक्षाच्या खासदाराला मोठ्या चर्चेत मोजकी मिनिटं मिळतात आणि तीही आधी पक्षाच्या ज्येष्ठांना जातात. म्हणून काम शोधायचं ते भाषणांपलीकडं.

समजा इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना सुताच्या भावाबद्दल मंत्र्यांना विचारायचं आहे. खासदारानं किमान पंधरा दिवस आधी लेखी सूचना द्यायची. ज्या सदस्यांनी सूचना दिल्या, त्यांची सोडत निघते. एका दिवसाच्या यादीत तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न वीस, एका सदस्याचा त्यात एकच. अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, बाराला संपतो. विसापैकी जेमतेम पाच-सहा प्रश्नांपर्यंत सभागृह पोचतं. गोंधळ झाला तर एकावरही नाही. उरलेल्यांना लेखी उत्तर मिळतं. म्हणजे खासदारानं अभ्यास केला, सूचना दिली, सोडतीत नंबरही लागला, तरी तिचा चेहरा टीव्हीवर येईलच असं नाही. लेखी उत्तर मात्र कायमचं नोंदलं जातं आणि उद्या तेच दाखवून मंत्रालयाशी भांडता येतं.

समित्यांचं तसंच. खात्यानुसार स्थायी समित्या असतात, प्रत्येकीत लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य. तिथं अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारता येतं. पण या बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात. कॅमेरा नसतो तिथं काम नसतं असं मानायचं, तर घरातल्या बाईचं निम्मं कामही बाद होईल. तेही आपण बरीच वर्षं करत आलो आहोत.

गैरसमज ७ : महिला खासदार म्हणजे महिलांचे प्रश्न.

वस्तुस्थिती : इचलकरंजी ही यंत्रमागाची नगरी आणि भोवती उसाचं हिरवं रान. इथल्या खासदारासमोर येतात ते सुताचे भाव, कापड उद्योगाच्या केंद्रीय योजना, साखरेचं धोरण, उसाचा दर आणि पंचगंगा-कृष्णेचा पूर. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र ठरवतं, म्हणून ऊस हा थेट खासदारकीचा विषय. २००९ ची निवडणूक फिरली ती याच उसाभोवती. खासदार बाई होती म्हणून ऊस उत्पादकांनी तिला सवलत दिली नाही आणि ते बरोबरच होतं.

गंमत म्हणजे ज्यांना आपण ‘महिलांचे कायदे’ म्हणतो, तेही बायकांनी एकट्यानं केले नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्तीही त्याच वर्षीची. महाराष्ट्रानं अशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. हे कायदे झाले त्या चौदाव्या लोकसभेत ५४३ पैकी महिला सुमारे ४५. बाकी सगळे पुरुष. बाईच्या हक्काचा कायदा पुरुषांच्या मतांनी होतो, तर उसाचा प्रश्न बाईनं का मांडू नये?

गैरसमज ८ : आता काय, बायकांचंच राज्य. तेहतीस टक्के झालंच की.

वस्तुस्थिती : झालंय ते कागदावर. महिला आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये लोकसभेत आलं. २०१० मध्ये राज्यसभेनं एक विधेयक मंजूर केलं, पण ते लोकसभेत अडकलं. म्हणजे निवेदिता माने यांची सगळी खासदारकी या चर्चेच्या सावलीत गेली आणि त्यांना स्वतःला आरक्षणाचा फायदा कधीच मिळाला नाही. त्या दोन्ही वेळा खुल्या जागेवरून निवडून आल्या. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेनं ४५४ विरुद्ध २ मतांनी विधेयक मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं एकमतानं. पण त्यात अट अशी घातली की कायद्यानंतरची पहिली जनगणना आणि तिच्या आधारे मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच आरक्षण लागू होईल.

तोवरचा हिशोब असा. २०१९ मध्ये देशातून ७८ महिला लोकसभेवर गेल्या. आरक्षणाचा एवढा गाजावाजा झाल्यावर, २०२४ मध्ये, त्या ७४ झाल्या. महाराष्ट्रात ८ होत्या, ४८ पैकी ७ उरल्या. आपल्याकडं ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. सरपंचपद सांभाळलेल्या, जिल्हा परिषदेत अंदाजपत्रकावर भांडलेल्या हजारो बायका तयार आहेत. तिकीट वाटायची वेळ आली की तेवढ्या त्या पक्षांना सापडत नाहीत.

गैरसमज ९ : हरली, आता संपली.

वस्तुस्थिती : पुरुष हरला की तो ‘पुढच्या वेळेची तयारी’ करतो, बाई हरली की ती ‘घरी बसली’. निवेदिता माने २००९ नंतर घरी बसल्या नाहीत. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या संचालक म्हणून त्या सहकाराच्या राजकारणात राहिल्या. २०१९ च्या निवडणुकीआधी माने कुटुंबानं राष्ट्रवादी सोडून शिवसेनेची वाट धरली आणि धैर्यशील माने यांनी त्याच राजू शेट्टींना हरवलं, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी आईला हरवलं होतं. पक्ष बदलणं योग्य की अयोग्य, यावर भांडायला भरपूर जागा आहे. पण भांडा ते एका राजकारण्याशी भांडावं तसं. ‘सुनेनं’ काय केलं, ‘आईनं’ काय केलं, असं नको. ती दोन्ही नाती तिच्या घरातली. आपला तिच्याशी संबंध मतदाराचा.

म्हणून म्हातारीच्या प्रश्नाला उत्तर देऊन टाकू. कुणाची गं तू? माहेरून नेसरीची. सासरहून रुकडीच्या मान्यांची. आणि ती दहा वर्षं इचलकरंजीच्या लाखो मतदारांची. पहिली दोन उत्तरं जन्मानं आणि लग्नानं मिळतात, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. तिसरं पाच वर्षांचंच असतं. मतदारांनी दोनदा दिलं आणि तिसऱ्यांदा परत घेतलं. बाईला पुरुषाइतकंच मोजलं गेलं, असा तिच्या सगळ्या कारकिर्दीतला बहुधा तोच एक दिवस, मतमोजणीचा.